डोक्याचं दार

इकितोसच्या संग्रहालयात, मागच्या खोलीत,
पंखा फिरतो तो माणसांसाठी नाही,
कपाटांना बुरशी धरू नये म्हणून.
बाहेर आग्वाहे विकणारी ओरडत जाते.
एउफेमिया तापुयिमा पुठ्ठ्याच्या त्रिकोणी टोकावर
डिंकाचा थेंब ठेवते, थेंबावर मुंगी,
आणि भिंग माझ्याकडे सरकवते.
कंबरेला मणी किती?

दोन.
मग पुढे चल. एक असता
तर ही आपल्या कपाटातली नव्हती.

शृंगिकेचे सांधे मोज.
मी मोजतो. बारा.
पुन्हा मोज.
अकरा.
ती काही बोलत नाही.
शाबासकीसाठी तिच्याकडे एवढाच शब्द आहे.

आता चेहरा बघ. डोळ्याच्या वरून
पन्हळ गेलीय ना, थेट मागे?
भांडण आलं की ही मिशा त्यात मिटून ठेवते,
माझी आई चष्मा काढून डबीत ठेवायची तशी,
शेजारणीकडे जाण्याआधी.
अंग चपटं. कडा बाहेर आलेल्या. पाठीवर काटे.
नांगीचं मात्र नावच घेऊ नकोस, कामाची नाही.
कासवमुंगी. प्रजाती सिफॅलोटिस.
नावातच डोकं आहे, आणि डोकंच बघायचं.

मग ती दुसरा खण उघडते, सैनिकांचा.
यांची डोकी बशीसारखी, काठ उचललेले.
भुंग्याने पोखरून सोडलेल्या फांदीला
जेवढं भोक, तेवढीच बशी.
या दारात उभ्या राहत नाहीत, म्हणते ती,
याच दार होतात.
बाहेरून मिशांची टकटक झाली
की ओळख पटवायची, आणि पटली
तर सगळं अंग घेऊन मागे सरायचं.
आपलं माणूस यायचं म्हणजे
दाराला किती कष्ट, बघ.

सगळ्यांनाच बशी नसते पण.
त्या थोरल्या काळ्या, काटेरी, त्यांच्या सैनिकांना नाही.
म्हणून पूर्वी या दोन प्रजाती होत्या,
दोन कपाटं, दोन किल्ल्या.
मग कुणीतरी सगळ्या जाती पुन्हा शेजारी शेजारी मांडल्या
आणि मधली भिंत काढून टाकली.
साडेसहाशे चिठ्ठ्या मी एका पावसाळ्यात लिहिल्या.
जुनी चिठ्ठी फेकायची नसते हं.
तिच टाचणीवर, नव्या नावाखाली,
ती तशीच राहते.

खालच्या फळीवर बिस्किटांचा एक डबा आहे.
तो तिने मला दाखवला नाही, मीच उघडला.
थोरल्या काळ्या मुंग्या, मागच्या पायांवर
लाल नेलपॉलिशचा ठिपका.
पेन्सिलीने, मोठ्या वाकड्या अक्षरांत:
पडतात आणि परत येतात.
पडतात आणि येत नाहीत.
अजून पडल्या नाहीत.

निल्सर अवानारीचं वर्गीकरण, ती मान वर न करता म्हणाली.
दोर लावून वर जायचा, पार शेंड्यापर्यंत,
आणि एकेक मुंगी हातातून सोडायचा.
ती हवेत वळते, पार्श्वभाग झाडाकडे करते,
घसरगुंडीसारखी तिरपी येते,
खोडाला चिकटते आणि चढायला लागते
जणू काही झालंच नाही.
तो वरून आकडे ओरडायचा, मी खाली लिहायचे.
चौथी तिसरीत बसत नाही, असं त्याला सांगितलं
तर तो हसायचा.
शाळा? दुसरीपर्यंत.
नेलपॉलिश? तिने पुढचा पुठ्ठा उचलला.
माझं.

कोरिएन्तेस नदीवर तेलाच्या कॅम्पात
काम मिळालं त्याला. लाँचवर बसताना
टोपी विसरला होता, ती अजून खुंटीवर आहे.
याला सात पावसाळे झाले.

संध्याकाळी कपाटं बंद करताना मी विचारलं,
हा डबा नोंदवहीत कुठल्या खाली लिहू?
तिने बराच वेळ भिंगात पाहिलं.
भिंगाखाली काहीच नव्हतं.

अजून ठरलेलं नाही, म्हणाली.
शाई नको. पेन्सिलीने लिही.